शांतिसेनेचा नकाशा आणि चूक काढायचा हक्क

डिसेंबर १९६३. सायप्रसच्या राजधानीत, निकोसियात, ग्रीक आणि तुर्की वस्त्यांमध्ये रक्तपात सुरू झाला होता. दोन्ही बाजूंना एकमेकांपासून लांब ठेवायचं तर मधली रेघ कुठून न्यायची, हे ठरवण्यासाठी ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर पेन्सिल चालवली. पेन्सिल हिरवी होती, म्हणून ती 'ग्रीन लाइन'. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. १९७४ च्या लढाईनंतर ही रेघ बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढली आणि आज तिचा सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा झालाय. जुन्या निकोसियात तो जेमतेम काही मीटर रुंद आहे, उघड्या माळावर काही किलोमीटर.

आता थोडा हिशोब. समजा, नकाशाचं प्रमाण १:१०,००० आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर शंभर मीटर. मेणाच्या पेन्सिलीची रेघ सहज एक मिलिमीटर जाड उमटते, म्हणजे जमिनीवर दहा मीटर झाले. एवढ्यात एक घर अंगणासकट मावतं. ते घर रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे नकाशावरून कळत नाही, आणि घरमालकाने तर तो नकाशा पाहिलेलाच नसतो.

शांतिसेनेचं काम जिथे जिथे चालतं, तिथे हा पेच वेगवेगळ्या रूपात भेटतो. नकाशा सेनेकडे असतो आणि जमिनीची माहिती लोकांकडे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या, नकाशा-साधनांमुळे या दोन गोष्टी एका जागी आणणं शक्य झालंय. कसं, आणि त्यात काय काय घोटाळे होतात, ते पाहू.

आधी 'शांतिसेना' म्हणजे काय, ते दोन ओळींत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने, सहसा यजमान देशाच्या संमतीने, निरनिराळ्या देशांचे सैनिक, पोलीस आणि नागरी कर्मचारी अशांत भागात पाठवले जातात. डोक्यावर निळं हेल्मेट, गाड्या पांढऱ्या. युद्ध जिंकायला ते गेलेले नसतात, त्यामुळे त्यांचं बरंचसं बळ बंदुकीपेक्षा लोक त्यांना किती खपवून घेतात यावर असतं. काँगोत जुलै २०२२ मध्ये लोकांचा संयम सुटला, तेव्हा जमाव गोमा शहरातल्या शांतिसेनेच्या तळांवर चालून गेला. तक्रार साधी होती: इतकी वर्षं इथे आहात, मग आमच्या गावांवर हल्ले का होतात?

म्हणून प्रत्येक मोहिमेत लोकांशी बोलणारा एक विभाग असतो. गावबैठका, फुटबॉलचे सामने, शाळांमधले कार्यक्रम, आणि सगळ्यात प्रभावी म्हणजे रेडिओ. काँगोतलं रेडिओ ओकापी २००२ पासून चालू आहे, दक्षिण सुदानात रेडिओ मिराया आहे. पण लोकांचे प्रश्न ऐकलेत तर त्यातले निम्मेअधिक 'कुठे' या शब्दाने सुरू होतात. गस्त कुठवर येते? सुरुंग कुठले काढून झाले? तक्रार कुठे नोंदवायची? पुढचा पाण्याचा पंप कुठे बसणार, आणि आमच्या वस्तीत का नाही? रेडिओवर 'पुलाच्या पुढे डावीकडे' एवढं सांगता येतं. कोणता पूल, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

मग नकाशा दाखवा की, असं कुणीही म्हणेल. अडचण अशी की मोहिमेचा स्वतःचा नकाशा लष्करी असतो. त्यावर चौकटींची जाळी आणि अक्षर-आकड्यांचे संकेत असतात, वर गोपनीयतेचा शिक्का. तो बाहेर द्यायचा नसतो, आणि दिला तरी समोरच्याला वाचता येत नाही. खासगी कंपन्यांचे फोनवरचे नकाशे मोठ्या शहरांत छान चालतात, पण जिथे दुकानं नाहीत, जाहिरातदार नाहीत, तिथे ते नकाशे भरण्यात कुणाला रस नसतो. शिवाय त्यांच्या अटी असतात: तुम्ही तो नकाशा हवा तसा छापून, बदलून, त्यातली माहिती उचलून वाटू शकत नाही.

इथे ओपनस्ट्रीटमॅप येतो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प म्हणजे नकाशांचा विकिपीडिया, असं सगळे सांगतात. तुलना बरोबर आहे, पण एक महत्त्वाची गोष्ट त्यात निसटते. ओपनस्ट्रीटमॅप हे मुळात नकाशाचं चित्र नाही, तो माहितीचा साठा आहे. त्यात एक बिंदू असतो, बिंदूंना जोडणारी रेघ असते, आणि अशा रेघा-बिंदूंचे गट असतात. प्रत्येकावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: हा पाण्याचा पंप, हा कच्चा रस्ता, ही प्राथमिक शाळा, हिचं अरबी नाव अमुक. चित्र नंतर काढायचं, आणि ज्याला जसं हवं तसं. त्याच साठ्यातून एकाने फक्त दवाखाने दाखवावेत, दुसऱ्याने फक्त पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते. परवाना असा की कुणीही वापरा, विका, बदला. फक्त श्रेय द्या, आणि साठ्यात सुधारणा करून तो वाटलात तर त्याच अटींवर वाटा.

हैतीच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. दोन्ही एकाच वर्षातल्या आहेत. एरवी त्या वेगवेगळ्या ठिकाणी सांगितल्या जातात, मला मात्र त्या एकत्रच आठवतात.

पहिली सगळ्यांना सांगायला आवडते. १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळलं. शांतिसेनेचं मुख्यालय ज्या ख्रिस्तोफर हॉटेलात होतं तेही पडलं आणि मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी त्यात गेले. संयुक्त राष्ट्रांची एकूण १०२ माणसं त्या दिवशी मरण पावली. शहराचा धड नकाशा कुणाकडे नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं खुली केली आणि जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या ती पाहून गल्ल्या, पडलेल्या इमारती, मैदानांत उभे राहिलेले तंबू आखायला सुरुवात केली. काही दिवसांत कोऱ्या जागी गजबजलेलं शहर उमटलं. बचाव पथकं तोच नकाशा हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून फिरत होती. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था रीतसर उभी राहिली.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. हैतीत कॉलरा पसरला. त्याआधी तिथे कॉलऱ्याची साथ कुणाच्या आठवणीत नव्हती. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी हैतीच्या आरोग्य खात्याबरोबर एक जुनंच काम केलं: पहिले रुग्ण कोणत्या गावात, कोणत्या तारखेला सापडले, ते नकाशावर मांडलं. खुणा नदीच्या काठाने वर सरकत मिरबाले गावाजवळ पोहोचल्या. तिथे शांतिसेनेचा तळ होता आणि त्याचं सांडपाणी नदीत जात होतं. त्या साथीत पुढे जवळपास दहा हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी जबाबदारी झटकण्यात कित्येक वर्षं घालवली. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली.

जनसंपर्काच्या कार्यशाळांत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. मला वाटतं, दुसरीच आधी शिकवायला हवी. लोकांच्या हातात नकाशा दिलात की त्या नकाशावर तुम्हीसुद्धा येता. तुमचा तळ, तुमचं सांडपाणी, तुमची गस्त जिथे कधीच पोहोचत नाही ती गावं, सगळं. ज्या मोहिमेला हे नको आहे तिने पत्रकं छापावीत, नकाशाच्या वाटेला जाऊ नये.

साधनांची साखळी

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते. संयुक्त राष्ट्रांचं एक जागतिक सेवा केंद्र इटलीत ब्रिंडिसीला आहे. शांतिसेनेच्या मोहिमांना तांत्रिक मदत तिथून जाते. 'यूएन मॅपर्स' हा स्वयंसेवकांचा उपक्रमही याच केंद्राचा. मोहिमा जिथे आहेत त्या भागांचा नकाशा हे स्वयंसेवक ओपनस्ट्रीटमॅपवर भरतात, त्यामुळे ती माहिती मोहिमेच्या तिजोरीत न जाता सगळ्यांच्या साठ्यात जाते.

भरायचं काम तुकड्यांत वाटलेलं असतं. टास्किंग मॅनेजर नावाच्या साधनात मोठा प्रदेश चौकोनांत कापलेला असतो. तुम्ही एक चौकोन उचलायचा, उपग्रहचित्र पाहून रस्ते-घरं आखायची, झालं की दुसरा कुणी अनुभवी माणूस ते तपासतो. मीही फावल्या वेळात हे करतो. एकदा दक्षिण सुदानातला चौकोन हाती आला. त्यात एक पांढरट पट्टा, लांबून सरळ वाटणारा, रुंदी रस्त्याएवढी, कडेला चार-दोन झोपड्या. मी त्याला 'कच्चा रस्ता' अशी चिठ्ठी लावून मोकळा झालो. दोन दिवसांनी तपासणाऱ्या बाईंनी चौकोन परत पाठवला. त्यांचा निरोप एवढाच होता: "वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे ढीग दिसतायत ना? रस्ता वाळू साचवत नाही." मी चित्र मोठं करून पाहिलं. कोरडी नदी होती. तो नकाशा कुणी छापला असता आणि पावसाळ्यात त्यावरून गाडी काढली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री जरा जास्तच केला.

दक्षिण सुदानच्या बऱ्याच भागात काळी चिकण माती आहे. उन्हाळ्यात तिच्यावरून ट्रक धावतात, पावसात तीच माती चाकं गिळते. रस्ता आहे की नाही, या प्रश्नाला तिथे महिन्यागणिक वेगळं उत्तर असतं, आणि ते वरून दिसत नाही. उपग्रहचित्र बहुतेकदा कोरड्या मोसमातलंच असतं, कारण तेव्हाच ढग नसतात. म्हणजे आपण आखतो तो सगळा नकाशा उन्हाळ्याचा.

तर घरबसल्या आखलेला नकाशा हा कच्चा मसुदा. तो पक्का होतो गावात. त्यासाठी मला सगळ्यात आवडणारं साधन फील्ड पेपर्स आहे, कारण ते चक्क कागद वापरतं. हव्या त्या भागाचा नकाशा छापायचा. पानाच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतो. लोकांनी त्या पानावर पेनाने काहीही लिहावं, खोडावं, बाण काढावेत. मग पानाचा फोटो घेऊन चढवला की कोडवरून संगणकाला कळतं की हे पान पृथ्वीवर नेमकं कुठलं, आणि पेनाच्या खुणा बरोबर जागेवर नकाशावर दिसू लागतात. पुढे कुणीतरी बसून त्या खुणांच्या रीतसर नोंदी करतो.

कागद टेबलावर पसरला की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला कुणी हात लावत नाही. नकाशा छापील आहे, म्हणजे बरोबरच असणार, असा समज असतो. मग एखादा म्हातारा बोट ठेवून म्हणतो, ही शाळा इथे नाही, ओढ्याच्या त्या बाजूला आहे. त्याच्या हातात पेन द्यायचं. तो खोडतो, आणि छापलेल्या कागदावर खोडलेलं चालतं हे एकदा दिसलं की बाकीचे पुढे सरकतात. पंप दोन पावसाळ्यांपासून बंद आहे. ही वाट बैलांची, ही माणसांची. या बाजूला कुणी जात नाही. 'का जात नाही?' असं विचारलं की सुरुंगांची गोष्ट निघते, किंवा जुन्या भांडणाची. तासाभरात मोहिमेला जे कळतं ते दहा पत्रकं वाटून कळलं नसतं. आणि पुढच्या महिन्यात तोच नकाशा शाळा ओढ्यापलीकडे नेऊन परत आला, तर म्हाताऱ्याला कळतं की आपलं म्हणणं कुणीतरी उतरवून घेतलंय.

हा परत येण्याचा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. माहिती गोळा करायला गाड्या येतात, दुरुस्त नकाशा द्यायला येत नाहीत. दोन-तीनदा असं झालं की लोक पेन हातात घेणं बंद करतात, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

बाकी साधनं भराभर सांगतो. घरोघरच्या नोंदींसाठी कोबोटूलबॉक्स आणि ओडीके. फोनवर प्रश्नावली भरायची, इंटरनेट नसलं तरी चालतं, रेंज आली की नोंदी जातात. विश्लेषणाला आणि छपाईच्या नकाशाला क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आज महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीचं आहे, फक्त शिकताना पहिला आठवडा चिडचिड होते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याला वेबवर नकाशा टाकायचा असेल तर यूमॅप: खुणा टाका, रंग निवडा, दुवा पाठवा. आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला लीफलेट, जी कीव्हच्या व्होलोदिमिर आगाफोंकिन यांनी २०११ मध्ये लिहिली. साधारण ४० किलोबाइटची लायब्ररी, म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवणारा तयार कोड. रेंज मुंगीच्या पावलांनी येते तिथे हा आकडा फार महत्त्वाचा.

रेंजचंच जरा पुढे. वेबवरचा नकाशा छोट्या चौकोनी फरशांचा बनलेला असतो. सगळं जग एका फरशीत मावतं ती शून्यावी पायरी. एक पायरी आत गेलात की प्रत्येक फरशीच्या चार होतात. सोळाव्या पायरीवर, जिथे गल्ल्या नीट दिसतात, जगाच्या ४२९ कोटींहून जास्त फरशा होतात. फोन त्यातल्या हव्या तेवढ्याच मागवतो, पण प्रत्येक वेळी मागवतो. म्हणून दुर्गम भागात हवा तेवढाच प्रदेश कापून त्याची एक फाइल करतात आणि मेमरी कार्डवरून फोनमध्ये टाकतात. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी अ‍ॅप्स ओपनस्ट्रीटमॅपचा साठा असाच आधी उतरवून घेतात. लोकांपर्यंत पोहोचणं म्हणजे वेबसाइट, असं धरून चालणाऱ्या माणसाला एकदा अशा गावात आठवडाभर ठेवायला हवं.

एका नदीची दोन नावं

सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या मधोमध अबये नावाचा प्रदेश आहे. दोन्ही देश त्यावर हक्क सांगतात. त्याची हद्द २००९ मध्ये हेगच्या लवाद न्यायालयाने आखून दिली, तरी वाद मिटला नाही. जून २०११ पासून तिथे शांतिसेना आहे. तिथे न्गोक डिंका लोक राहतात, आणि कोरड्या मोसमात उत्तरेकडून मिसेरिया गुराखी जनावरं घेऊन पाण्यासाठी खाली उतरतात. ज्या नदीकडे ते येतात तिला डिंका 'कीर' म्हणतात आणि अरबीत ती 'बहर अल-अरब' आहे, म्हणजे अरबांची नदी.

आता नकाशावर काय लिहाल? कोणतंही एकच नाव लिहिलंत की अर्धी बैठक उठून जाईल. गुरांच्या वाटा कोणत्या, कोणत्या तारखेनंतर कोणत्या वाटेने जायचं, पिकं कुठे उभी आहेत, हे ठरवायला मोसमाआधी दोन्ही बाजूंच्या बैठका होतात. अशा ठिकाणी नकाशा फार उपयोगी, पण त्यावरचं पहिलंच अक्षर चुकलं तर तोच भांडणाचं कारण.

ओपनस्ट्रीटमॅपची रचना इथे कामी येते. एकाच नदीवर प्रत्येक भाषेतल्या नावाची वेगळी चिठ्ठी लावता येते. डिंका वाचकांसाठी एक छपाई, अरबी वाचकांसाठी दुसरी, आणि दोघांनी एकत्र बसायचं असेल तर दोन्ही नावं सारख्या आकारात. साठा एकच. पण मुख्य नावाची चिठ्ठी एकच असते, आणि तिच्यावरून ऑनलाइन हाणामाऱ्या होतात. तिथला नियम असा की जमिनीवर प्रत्यक्षात जे वापरलं जातं ते लिहायचं. ऐकायला सोपा. पण जिथे जमीन कुणाची हाच वाद आहे, तिथे 'प्रत्यक्षात' म्हणजे कुणाच्या तोंडी, हा प्रश्न उरतोच.

संयुक्त राष्ट्रांचे अधिकृत नकाशे यातून एका छापील वाक्याने सुटका करून घेतात: नकाशावरच्या सीमा आणि नावं म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मान्यता समजू नये. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. गावबैठकीत मात्र तळटीप कुणी वाचत नाही. तिथे नकाशा मांडणाऱ्याला ते तोंडाने सांगावं लागतं, बैठकीच्या सुरुवातीलाच, आणि दोन्ही भाषांत.

दशांश चिन्हानंतरचे आकडे

खुला नकाशा सगळ्यांना दिसतो. सगळ्यांमध्ये हल्लेखोरही आले. ही या साधनांची खरी दुखरी जागा आहे, आणि ती समजून घ्यायला एक साधी गोष्ट पुरेशी आहे.

जागेचा पत्ता अक्षांश-रेखांशात लिहितात. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहिले तर जागा साधारण एक किलोमीटरपर्यंत कळते. तीन आकडे लिहिले तर शंभरेक मीटर. पाच लिहिले तर एक मीटर, म्हणजे दार कोणतं तेही. फोन न विचारता पाच-सहा आकडे नोंदवून टाकतो.

समजा, एका बाईने हल्ल्याची माहिती दिली आणि ती नोंद नकाशावर तशीच गेली. लाल टिंब तिच्या दारात पडलं. नाव लिहिलेलं नाही, म्हणून नोंद निनावी, असं कार्यालयातल्या माणसाला वाटतं. गावाला मात्र त्या दारात कोण राहतं ते माहीत आहे. म्हणून शेवटचे आकडे उडवायचे. तेही पुरत नाही: शंभर मीटरांत एकच झोपडी असेल तर तीन आकड्यांनीही ओळख पटते. मग गावाच्या किंवा तालुक्याच्या पातळीवर नुसती संख्या द्यायची, आणि एका गावात एकच नोंद असेल तर तीही द्यायची नाही.

वेळ हा दुसरा पडदा. २०११ मध्ये लिबियात यादवी पेटली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्य समन्वय कार्यालयाच्या विनंतीवरून स्वयंसेवकांनी संकटाचा नकाशा उभा केला. त्यासाठी वापरलेलं साधन होतं उशाहिदी. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. केनियातल्या निवडणुकीनंतरचा हिंसाचार नोंदवायला ते २००८ च्या जानेवारीत जन्मलं. लिबियाचे नकाशे दोन केले गेले: एक आतल्या वापराचा, सगळ्या तपशिलांसह, आणि एक सार्वजनिक, २४ तास उशिराने चालणारा, ओळख पटेल असे तपशील काढलेला. जनसंपर्काच्या माणसाला उशीर आवडत नाही, पण इथे उशीर हाच शहाणपणा होता.

काही गोष्टी नकाशावर टाकूच नयेत. बेंतिऊमध्ये, दक्षिण सुदानात, शांतिसेनेच्या तळाला लागून हजारो विस्थापितांची छावणी होती. सरपणासाठी बाहेर पडणाऱ्या बायकांवर हल्ले व्हायचे, म्हणून सेनेने त्यांच्याबरोबर जाणाऱ्या गस्ती सुरू केल्या. आता त्या वाटांची माहिती कुणाकडे होती? बायकांकडे. दिवसाच्या बैठकीला येऊन पुढच्या रांगेत बसणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांनी काढलेल्या नकाशावर सरपणाची वाट नसतेच. म्हणून बायकांची बैठक वेगळी घ्यावी लागते, आणि विचारणारी बाईच असावी लागते. पण कळलेली ती वाट खुल्या साठ्यात टाकणं म्हणजे हल्लेखोराला बोट धरून नेणं. ती आतल्या नकाशावर राहते. बाहेरच्या नकाशावर फार तर एवढं: गस्तीबद्दल विचारायचं तर या ठिकाणी या.

कोणती गोष्ट खुली आणि कोणती झाकलेली, याचा साचा नाही. मी लावतो ती कसोटी अशी: ही खूण पाहून ज्याचं काम सोपं होईल तो कोण? पंप, शाळा, दवाखाना, तक्रारकेंद्र यांचा फायदा बहुतेकदा गावाला होतो. पण दवाखान्यांवर हल्ले होतात अशा लढाईत तेही उत्तर बदलतं. गावालाच विचारावं. त्यांचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला असतो.

कधी कधी पिंप बरं

लेबनॉनच्या दक्षिणेला 'ब्लू लाइन' आहे. इस्रायलची सेना २००० मध्ये मागे गेली का, हे तपासायला संयुक्त राष्ट्रांनी ती आखली. ती सीमा नव्हे, माघार मोजायची रेघ. लांबी सुमारे १२० किलोमीटर. डोंगरउतारांवर मेंढ्या चारणाऱ्याला ती दिसावी म्हणून शांतिसेनेने तिच्यावर ठिकठिकाणी निळी पिंपं उभी केली. प्रत्येक पिंपाच्या जागेसाठी दोन्ही बाजूंशी मोजमापाची घासाघीस झाली. हे काम वर्षानुवर्षं चाललं.

इथे कुणी म्हणेल, मेंढपाळाला एक अ‍ॅप द्या, रेघेजवळ आला की फोन वाजेल. साध्या फोनचं जीपीएस चार-पाच मीटरने सहज चुकतं. शिवाय २०२४ मध्ये त्या टापूत उपग्रहाचे संकेत इतके बिघडवलेले होते की सीमेजवळच्या लोकांचे फोन आपण बैरूतच्या विमानतळावर आहोत असं दाखवत. पिंप हलत नाही आणि त्याला चार्जिंगही लागत नाही. शाळेत मुलांना पिंपाचा अर्थ समजावून सांगणं हाही नकाशाचाच जनसंपर्क आहे, फक्त नकाशा जमिनीवर काढलेला आहे.

आणि ही मोहीम आता आवरती घेतली जातेय. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची मुदतवाढ दिली, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. मालीतली शांतिसेना तर दहा वर्षं राहून डिसेंबर २०२३ मध्ये निघूनही गेली. मोहीम जाते तेव्हा पांढऱ्या गाड्या जातात, सर्व्हर जातात, त्यांच्यावरचे नकाशे जातात. ओपनस्ट्रीटमॅपवर भरलेलं मात्र तिथेच राहतं, कारण ते मोहिमेचं कधी नव्हतंच.

त्या साठ्यात प्रत्येक खुणेचा इतिहास पाहता येतो. समजा, एका पंपाच्या खुणेवर टिचकी मारली. पहिली आवृत्ती: दूर कुठल्या तरी देशातल्या स्वयंसेवकाने वरून पाहून ठेवलेला बिंदू, 'पाण्याची सोय असावी' अशी शंका लिहून. दुसरी: कुणीतरी त्याला तिथल्या भाषेतलं नाव दिलं आणि बिंदू चाळीस मीटर सरकवला. तिसरी: 'बंद'. चौथी, मोहीम गेल्यानंतरची, गावातल्याच कुणाची: 'चालू आहे. दांडा नवीन बसवला.'